जॉन प्राईन: एकही हिट गाणं नाही, तरी एवढा मान कशामुळे?

बदामाचा_एक्का

मंडळी, धागा इंग्रजी गाण्यांचा आहे. इथे चालत नसेल तर संपादकांनी खुशाल हलवावा.

सध्या मुक्काम शिकागोच्या पश्चिमेला. इकडे कुणाच्या घरी जेवणानंतर गिटार निघाली की अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राईनची दोन-तीन गाणी ठरलेलीच. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ. त्याचं गाव मेवूड इथून जवळ, त्यामुळे लोकांना तो घरचा वाटतो हे समजू शकतो. पण बाहेरही त्याचा दबदबा कमी नाही. २०१९ मध्ये साँगरायटर्स हॉल ऑफ फेम, २०२० मध्ये ग्रॅमीचा जीवनगौरव, आणि खुद्द बॉब डिलन आवडत्या गीतकारांत त्याचं नाव घेतो.

माझी अडचण अशी की या माणसाचं स्वतःच्या आवाजातलं एकही गाणं कधी टॉप फॉर्टीत, म्हणजे लोकप्रियतेच्या यादीतल्या पहिल्या चाळीसांत, गेलेलं नाही. १९७१ चा पहिला अल्बम ऐकला. आवाज नाकातला, चाली बहिणी-बहिणी वाटाव्यात अशा, कॉर्ड मोजून तीन-चार. शब्द तर इतके साधे की माझ्यासारख्यालाही डिक्शनरी लागली नाही. मी सुरेश भट आणि आर. डी. यांच्यावर वाढलेला माणूस. यात नेमकं काय ऐकायचं असतं? आणि पहिला अल्बम सुरुवातीला चुकीचा असेल तर कुठला लावू?

तिरकस

उत्तर सोपं आहे. समीक्षकांचा लाडका. अशा लोकांचे रेकॉर्ड खपत नाहीत म्हणून त्यांना पुरस्कार देतात. डिलन आधीच होता, दुसऱ्याची गरज नव्हती.

ओबी_काका

एक्का, प्रश्न रास्त आहे. तिरकसरावांकडे मागाहून येतो.

आधी माझा संबंध सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी चंद्रपूरचा, शिक्षण खाणकामाचं. उमेदीची वर्षं ओपनकास्ट खाणींवर गेली. कोळशावरची माती उचलायची, तिला आम्ही ओबी म्हणतो, तेच नाव इथे घेतलंय. पुढे केंटकीच्या पश्चिम भागात नोकरी लागली, राहायला ओवेन्सबरोत. तिथून म्यूलेनबर्ग काउंटी (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) गाडीने तासाभराच्या आत. म्हणजे 'पॅरडाइज' या गाण्यात ज्यांचा उद्धार केलाय, त्या पंगतीत मी जेवलोय. गाडीत ते गाणं लावलं की आमचा फोरमन रेडिओ बंद करायचा नाही, फक्त खिडकीबाहेर बघायचा.

प्राईनचे आईवडील त्याच काउंटीतले. वडील मेवूडला कारखान्यात टूल अँड डाय मेकर, म्हणजे साचे-अवजारं बनवणारे, पक्के युनियनवाले. पोटासाठी उत्तरेला आलेले, पण 'घर' म्हटलं की केंटकी. उन्हाळ्यात पोरांना घेऊन ग्रीन नदीकाठच्या पॅरडाइज नावाच्या खेड्यात जायचे. थोरला भाऊ डेव्ह. त्यानेच जॉनला चौदाव्या वर्षी गिटार शिकवली. १९६६ मध्ये जॉन सैन्यात गेला. व्हिएतनाम टळलं, पश्चिम जर्मनीत लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यावर निभावलं. त्याच सुमाराला ते गाव नकाशावरून गेलं.

गाण्यात सगळं खापर 'मिस्टर पीबडी'वर, म्हणजे पीबडी कोल कंपनीवर फुटतं. माझ्यातला खाणवाला इथे हात वर करतो. गावाभोवतालची जमीन स्ट्रिप मायनिंगने, म्हणजे वरची माती काढून कोळसा उपसण्याने, खरवडली गेली, त्यात शंका नाही. पण १९६७ मध्ये उरलीसुरली घरं विकत घेऊन पाडली ती टीव्हीएने, म्हणजे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेने. त्यांचं औष्णिक केंद्र १९६३ मध्ये गावाला खेटून सुरू झालं होतं आणि राख गावावर पडत होती. विदर्भात वीज केंद्राच्या चिमणीखाली लहानाचा मोठा झालेल्या माणसाला ही राख वेगळी समजावून सांगावी लागत नाही. गच्ची सकाळी झाडायची, संध्याकाळी पुन्हा झाडायची. तर कोळसा उपसणारा एक, जाळणारा दुसरा, आणि बटण दाबून दिवा लावणारे आपण सगळे. गाण्यात फक्त पहिला सापडला.

पीबडीने यावर 'फॅक्ट्स व्हर्सेस प्राईन' नावाचं पत्रकच काढलं होतं. त्यातला मुद्दा असा की ज्या रेकॉर्डवर आमची बदनामी केलीत, ती बनवायला लागलेली वीज बहुधा आमच्याच कोळशाची होती. आम्हा लोकांत हे पत्रक विनोद म्हणून सांगितलं जायचं. मला तो विनोद कधी पूर्ण हसता आला नाही, कारण मुद्दा खरा आहे आणि तरी गाणंच जिंकलंय. पुरावा हवा? २०१३ मध्ये वायोमिंगला पीबडीच्या भागधारकांच्या सभेबाहेर दोन निदर्शकांना अटक झाली. त्यांनी उलट दावा लावला आणि दाव्याच्या कागदात 'पॅरडाइज'च्या ओळी घातल्या. कंपनी म्हणाली या ओळी वगळा. २०१५ मध्ये न्यायाधीशांनी नकार दिला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या गाण्याला घाबरून कोर्टात अर्ज करायला लागतो, याला टॉप फॉर्टीत कुठे बसवणार?

आता जे म्हणायचंय ते. माझ्या मते 'पॅरडाइज' हे त्याचं सगळ्यांत गाजलेलं गाणं आहे आणि त्याच्या स्वभावाला सगळ्यांत सोडून आहे. कारण त्यात खलनायक आहे. इतर बहुतेक गाण्यांत तुम्ही शोधा, खलनायक सापडणार नाही. 'सॅम स्टोन' घ्या. युद्धावरून परतलेला सैनिक, गुडघ्यात लोखंडाची कपची, छातीवर पदक, वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनची लागलेली चटक. १९७१ साल आहे, अमेरिकेत गल्लोगल्ली युद्धविरोधी गाणी चालू आहेत. या गाण्यात युद्ध चूक की बरोबर, एक अक्षर नाही. त्याची पोरं दुसऱ्यांचे कपडे घालून हिंडतात, एवढं सांगितलंय. ध्रुवपदात घरातलं मूल बोलतं: बाबाच्या हातात भोक आहे, पैसे तिथून जातात. आणि शेवटी सैनिकांच्या सरकारी योजनेतून घेतलेलं घर जातं, बदल्यात झेंडा पांघरलेली शवपेटी येते. घर देऊन पेटी, असा सरळ व्यवहार. दोष कुणाचा ते ऐकणाऱ्याने घरी जाऊन ठरवायचं.

एक्का, तुम्ही म्हणता शब्द साधे आहेत. बरोबर आहे. शब्दांत काही शोधू नका. प्रत्येक गाण्यात तो कुठल्या वस्तू उचलतो आणि काय बोलायचं टाळतो, ते बघा.

कॅपोवाली

काकांनी खाण खणून काढली, मी गिटारचं बोलते. पुण्यात गिटार शिकवते, त्यामुळे 'सगळ्या चाली सारख्या' ही तक्रार दर बॅचला ऐकते. खरीच आहे! त्याने स्वतःच सांगून ठेवलंय की इतरांची गाणी बसवणं जड जायचं म्हणून स्वतःची रचायला लागलो. पण उजवा हात ऐका. अंगठा खालच्या तारांवर घड्याळासारखा एक सोडून एक तार वाजवतो आणि बोटं वर चाल काढतात. याला ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात, गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिसच्या नावावरून. आणि हा ट्रॅव्हिस कुठला? त्याच म्यूलेनबर्ग काउंटीचा. एव्हर्ली ब्रदर्स या गायक भावांचे वडील आइक एव्हर्ली, तेही तिथलेच आणि याच पद्धतीने वाजवणारे. म्हणजे शिकागोजवळ जन्मलेल्या पोराच्या अंगठ्यात केंटकी आलेली आहे. अंगठा स्थिर चालू असला की वर गाणारा माणूस जवळजवळ बोलल्यासारखा गाऊ शकतो. शब्द पुढे येतात, चाल त्यांच्या पाठीशी उभी राहते.

पहिल्या अल्बमवर आवाज खरंच अवघडलेला आहे. निर्माता आरिफ मार्दिन, स्टुडिओ मेम्फिसचा अमेरिकन साउंड, साथीला एल्विसबरोबर वाजवलेले वादक. हा कालपर्यंत टपाल वाटत होता. घाबरणार नाही तर काय?

म्हणून माझा सल्ला: १९७१ चा अल्बम आत्ता बाजूला ठेवा. २००० साली आलेला 'सूव्हेनिअर्स' लावा. त्यात त्याने आपली जुनीच गाणी पुन्हा गायली आहेत. मधे काय झालं, तर १९९८ मध्ये मानेचा कॅन्सर. शस्त्रक्रिया, रेडिएशन. डॉक्टर स्वरयंत्र वाचवायची काळजी करत होते तर हा म्हणाला, तुम्ही माझं गाणं ऐकलंय का कधी? पट्टी खाली आली, आवाज खरबरीत झाला, आणि त्याला तो स्वतःलाच आधीच्यापेक्षा आवडला. चोविसाव्या वर्षी म्हाताऱ्यांची गाणी लिहिणाऱ्याला शेवटी त्या गाण्यांच्या मापाचा आवाज मिळाला.

रात्रपाळी

कॅपोवाली ताई, शेवटच्या वाक्याला अगदी अगदी.

मी ओहायोत एका वृद्धाश्रमात नर्स आहे, बहुतेक रात्रीच. 'हॅलो इन देअर' बद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. म्हातारं जोडपं आहे, मुलं पांगलेली, एक कोरियाच्या युद्धात गेलेला. नवराबायकोत बोलण्यासारखं फारसं उरलेलं नाही. बास, एवढंच गाणं. प्राईन लहानपणी मित्राबरोबर पेपर टाकायचा, त्या लायनीत एक वृद्धाश्रम होता. तिथले काही आजी-आजोबा हा आपला नातू किंवा पुतण्याच भेटायला आलाय असं दाखवायचे, शेजारच्या खोलीतल्यांना कळावं म्हणून. हे त्याने मुलाखतीत सांगितलेलं वाचलं तेव्हा मी थबकले. आमच्याकडे औषधं पोचवणाऱ्या मुलाचं असंच होतं. नावाने हाक मारून बसवून घेतात, त्यालाही आता सवय झालीय, तो नाही म्हणत नाही.

आणि 'सॅम स्टोन' मॉर्फिनचं आहे, पण ओहायोमध्ये ते जुनं झालेलं नाही. गोळ्यांच्या व्यसनाने इथे काय केलंय ते सगळ्यांना माहीत आहे. २०१८ च्या अल्बममध्ये 'समर्स एंड' आहे, त्याचा व्हिडिओ बघा. आजोबा आणि नात. मी पूर्ण एकदाच पाहिला.

तिरकस

सगळे हळवे झालात. मी दोन रोखठोक प्रश्न विचारतो.

एक, हा वर कसा आला? सिनेमाच्या समीक्षकाने पेपरात लिहिलं, मग एका मोठ्या गायकाने हात धरून न्यूयॉर्कला नेलं, दुसऱ्या दिवशी करार. याला आपल्याकडे वशिला म्हणतात. दोन, 'कॉमन सेन्स' (१९७५), 'पिंक कॅडिलॅक' (१९७९) हे अल्बम कुणी शेवटपर्यंत ऐकलेत का? मधली दहा वर्षं काय केलं या महापुरुषाने?

ओबी_काका

तिरकसराव, वशिला म्हणा हवं तर, पण वशिल्याची हकिकत तरी नीट ऐका.

१९७० साल. शिकागोत आर्मिटेज ॲव्हेन्यूवर फिफ्थ पेग नावाची छोटी जागा. कुणीही उठून गावं अशी पद्धत. प्राईन प्रेक्षकांत बसून एका गाणाऱ्याला नावं ठेवत होता, तर कुणीतरी म्हणालं, तूच जा की मग. तो गेला आणि 'सॅम स्टोन', 'हॅलो इन देअर', 'पॅरडाइज' ही तीन गाणी गायला. टाळ्या नाहीत. लोक नुसते बघत बसले. त्याला वाटलं, बोंबललं सगळं. मग टाळ्या सुरू झाल्या. जागेच्या मालकाने तिथेच काम दिलं. यात वशिला कुठला? पुढचे बरेच महिने दिवसा टपाल, रात्री गाणं.

शिकागोच्या सन-टाइम्स या पेपरचा रॉजर ईबर्ट हा सिनेमावर लिहायचा हे खरं. त्या रात्री सिनेमा अर्धवट सोडून तो बिअर प्यायला निघाला होता आणि इथे येऊन बसला. ऑक्टोबर १९७० मध्ये त्याने सिनेमाऐवजी या गाणाऱ्या पोस्टमनवर लिहिलं. त्यानंतर खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत.

आणि हात धरणारा खरा माणूस तुमचा तो मोठा गायक क्रिस क्रिस्टॉफरसन नव्हे, स्टीव्ह गुडमन. हे नाव लक्षात ठेवा. गुडमन स्वतः गीतकार, क्रिस्टॉफरसनच्या कार्यक्रमात आधी गायचं काम मिळालेलं. क्रिस्टॉफरसनसारखा माणूस खूश झालाय म्हटल्यावर कुणीही स्वतःची पोळी भाजून घेतली असती. हा म्हणाला, माझा एक मित्र आहे, आत्ता चला. गावाच्या दुसऱ्या टोकाला 'अर्ल ऑफ ओल्ड टाउन'मध्ये पोचेपर्यंत टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवून झाल्या होत्या. प्राईनला उठवून गायला लावलं. सगळं ऐकून क्रिस्टॉफरसन म्हणाला, पुन्हा पहिल्यापासून गा. त्यानेच पुढे अल्बमच्या वेष्टनावर लिहिलं की पोरगं चोवीस वर्षांचं आहे आणि लिहितं दोनशेवीस वर्षांच्या माणसासारखं. न्यूयॉर्कच्या 'बिटर एंड' क्लबमध्ये स्टेजवर बोलावलं तेव्हा ॲटलांटिक रेकॉर्ड्सचा जेरी वेक्सलर समोर बसला होता. पुढचं तुम्ही सांगितलंच.

गुडमनला तेव्हाच ल्युकेमिया झालेला होता आणि तो फार कुणाला सांगत नव्हता. १९८४ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याआधी १९७८ मध्ये प्राईनचा 'ब्रूज्ड ऑरेंज' हा अल्बम निर्माता म्हणून त्यानेच बांधून दिला. मी 'कॉमन सेन्स'ची वकिली करणार नाही, 'पिंक कॅडिलॅक' मलाही झेपत नाही, पण 'ब्रूज्ड ऑरेंज'ला हात लावाल तर भांडण होईल. त्याचं शीर्षकगीत खऱ्या प्रसंगावर आहे. प्राईन पोरवयात एका चर्चमध्ये बर्फ काढायचं काम करायचा. सकाळी जाताना रेल्वेखाली आलेला एक मुलगा. आजूबाजूच्या बायकांना कळेना कुणाचा. जिला कळलं की आपला नव्हे, ती सुटली; उरलेल्या तशाच उभ्या. हे सांगून झाल्यावर तो ध्रुवपदात काय गातो? चिडून राहण्यात अर्थ नाही, बाबांनो, आपणच आपल्याला साखळीत अडकवतो. दुसरा कुणी असता तर रेल्वे कंपनीवर गाणं लिहिलं असतं.

मधल्या दहा वर्षांत काय केलं हा प्रश्न मात्र चांगला आहे, आणि याचं उत्तर गाण्यांत नाही, हिशेबवहीत आहे. ॲटलांटिक आणि असायलम, दोन्ही कंपन्या झाल्या. त्याने पुन्हा कुठल्या मोठ्या कंपनीचं दार वाजवलं नाही. १९८१ मध्ये मॅनेजर अल बुनेट्टाबरोबर स्वतःचीच काढली, ओ बॉय रेकॉर्ड्स. तेव्हा असं करणं म्हणजे जवळजवळ निवृत्ती समजायचे. 'एमलेस लव्ह' (१९८४) च्या वेळी ऐकणाऱ्यांनी रेकॉर्ड निघायच्या आधीच टपालाने चेक पाठवले. ज्याने पाच-सहा वर्षं दुसऱ्यांचं टपाल वाटलं त्याचा धंदा टपालावर उभा राहिला, हा योग मला फार आवडतो. मग १९९१ च्या 'द मिसिंग इयर्स'ला ग्रॅमी मिळालं ते या घरगुती कंपनीला. स्प्रिंगस्टीन, टॉम पेटी, बॉनी रेट असे लोक मागे सूर लावायला आले होते. २००५ च्या 'फेअर अँड स्क्वेअर'ला दुसरं. २००५ मध्येच लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये राजकवी टेड कूझर यांनी त्याला बोलावलं, गाणं आणि गप्पा.

'गाणारा पोस्टमन' या बिरुदाचा मला कंटाळा आलाय, पण एक गोष्ट सांगतोच. रीडर्स डायजेस्टच्या अंकाबरोबर एकदा अमेरिकन झेंड्याचे स्टिकर फुकट आले. अंक याने वाटले. दुसऱ्या दिवशी त्याच गल्ल्यांत पाहतो तर प्रत्येक खिडकीवर, गाडीवर झेंडा. त्यावरून एक गाणं आलं, की या स्टिकरवर आता स्वर्गात प्रवेश मिळत नाही, तिथे आधीच फार गर्दी झालीय. गाण्यांची जुळवाजुळव तो चालता चालताच करायचा. थंडीच्या दिवसांत टपाल ठेवायच्या मोठ्या लोखंडी पेटीत शिरून वाऱ्याआड सँडविच खायचा. असा माणूस डिलनची नक्कल आहे, हे मला पटत नाही. डिलनला स्वतःलाही पटलं नसावं. पहिला अल्बम बाजारात येण्याआधीच एका बैठकीत प्राईन गायला लागला, तर डिलन शब्दांसकट सोबत गात होता.

बदामाचा_एक्का

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

'सूव्हेनिअर्स' लावला. कॅपोवाली ताई, अंगठ्याचं बरोबर. आता तेच ऐकू येतं. 'एंजल फ्रॉम माँटगॉमरी' हे तर बाईच्या तोंडचं गाणं! चोवीस वर्षांचा पोरगा पहिल्याच ओळीत 'मी म्हातारी बाई' म्हणतो आणि विचित्र वाटत नाही. हे मी आधी दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकलं होतं बहुधा.

काका, अजून एक शंका. मग त्याचा वारसा म्हणजे नेमकं काय? चाल कुणी उचलणार नाही, आवाज तर नाहीच.

कॅपोवाली

तुम्ही ऐकलेलं 'एंजल' बॉनी रेटचं असणार, १९७४ चं. तिने इतकं आपलंसं केलंय की निम्म्या लोकांना ते तिचंच वाटतं. 'हॅलो इन देअर' बेट मिडलरने गायलं, 'सॅम स्टोन' जॉनी कॅशने, तेही एक ओळ बदलून, कारण मूळ ओळीत येशूबद्दल जरा तिखट होतं. जॉर्ज स्ट्रेटने १९९८ मध्ये 'आय जस्ट वाँट टू डान्स विथ यू' कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं, ते प्राईन आणि रॉजर कुक यांचं. म्हणजे एक्का, हिट होतीच. दुसऱ्यांच्या नावावर होती.

ओबी_काका

एक्का, वारसा विचारलात. ताईंनी एक बाजू सांगितली. दुसरी अशी की गीतकारांची आजची पिढी, जेसन इस्बेल, ब्रँडी कार्लाइल, मार्गो प्राइस, केसी मसग्रेव्ह्ज, ही सगळी त्याच्याभोवती नातवंडांसारखी जमली. यांच्यापैकी कुणी त्याच्यासारखं गात नाही. पण स्वतःचं लिहावं, हक्क स्वतःकडे ठेवावेत, छोट्या माणसाबद्दल लिहिताना त्याच्या डोक्यावर हात ठेवू नये, हे त्यांनी त्याच्याकडे पाहून घेतलं. २०१९ मध्ये ओ बॉयने केल्सी वॉल्डन या केंटकीच्याच मुलीला करारावर घेतलं. कंपनी अजून घरच्यांकडे आहे.

शेवटचा अल्बम कसा झाला तेही मजेशीर आहे. तेरा वर्षांत नवीन गाण्यांचा अल्बम नव्हता. बायको फिओना आणि मुलगा जोडी यांनी याला धरून, तो राहायचा त्या नॅशव्हिलमधल्याच एका हॉटेलात आठवडाभर कोंडलं, सोबत गिटारी आणि अर्धवट लिहिलेल्या कागदांची खोकी. त्यातून 'द ट्री ऑफ फर्गिव्हनेस' निघाला, २०१८. बिलबोर्डच्या अल्बमच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला, त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत वरचा. वय ७१, मानेचा कॅन्सर होऊन गेलेला, २०१३ मध्ये फुप्फुसाचा काही भाग काढलेला. फुप्फुसाच्या वेळी थेरपिस्ट त्याला जिन्यावर वर-खाली पळायला लावायचा आणि धाप लागलेली असतानाच दोन गाणी म्हणायला सांगायचा. हा ते करायचा. शेवटच्या गाण्यात तो स्वर्गात गेल्यावर काय करणार याची यादी देतो: व्होडकाचा ग्लास आणि नऊ मैल लांबीची सिगारेट. डॉक्टरांनी बंद केलेली.

७ एप्रिल २०२० ला कोविडने गेला, नॅशव्हिलमध्ये. त्याच्या सुमारे दोन महिने आधी पॅरडाइजच्या वीज केंद्रातलं कोळशाचं शेवटचं युनिट बंद झालं होतं. 'पॅरडाइज'मध्ये त्याने मागितलं होतं तशी त्याच्या राखेतली काही ग्रीन नदीत सोडली. उरलेल्या गोष्टी तुम्हाला ग्रॅमीच्या यादीत सापडतील. गेल्यावरही दोन मिळाली, 'आय रिमेंबर एव्हरीथिंग'ला.

रात्रपाळी

काका, तुमच्या फोरमनचं काय झालं? तो खिडकीबाहेर बघणारा.

ओबी_काका

खाण बंद झाल्यावर तो कुठल्यातरी शाळेची बस चालवायला लागला. त्याचे आजोबा पॅरडाइजच्या शेजारच्या गावचे. गाणं त्याला आवडायचं नाही आणि संपूर्ण पाठ होतं.

बदामाचा_एक्का

पुढच्या महिन्यात नाशिकहून आईबाबा येतायत. बाबांना जुन्या कंट्री गाण्यांचा नाद आहे, जिम रीव्हज वगैरे. त्यांना ऐकवायला प्लेलिस्ट करतोय. आतापर्यंत 'हॅलो इन देअर', 'पॅरडाइज', 'सूव्हेनिअर्स', 'एंजल', 'समर्स एंड'. अजून काय घालू? एखादं हलकंफुलकं युगुलगीत असेल तर बरं, आईला आवडेल.

कॅपोवाली

युगुलगीत म्हणजे 'इन स्पाइट ऑफ आवरसेल्व्ह्ज', आयरिस डिमेंटबरोबर, १९९९. कॅन्सरनंतर पहिल्यांदा नव्याने लिहिलेलं गाणं. नवराबायको एकमेकांची उणीदुणी काढतात आणि शेवटी एकमेकांवाचून जमत नाही म्हणतात. चाल फार गोड. पण आईबाबांसमोर लावण्याआधी एकदा एकटे बसून हेडफोनवर ऐका. दुसऱ्याच कडव्यात अंतर्वस्त्रं येतात आणि त्यांचं पुढे जे होतं ते नाशिकच्या पाहुण्यांसाठी नाही.

तिरकस

ते गाणं मला आवडतं. बाकी मतांवर ठाम आहे.

ओबी_काका

तिरकसराव, आता 'ब्रूज्ड ऑरेंज' ऐका आणि परत या.